ठळक अक्षराची जबाबदारी

अंबरनाथच्या शिवमंदिरात आपण अनेकदा गेला असाल. तेथील शिल्पे पाहून मान वर करून थकलाही असाल. पण तेथे कोरलेल्या शिलालेखाकडे किती जणांचे लक्ष गेले असेल? शिलाहार राजा माम्वाणी याच्या काळचा हा लेख. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असल्याचे दाखविले. पहिला अंक सात की नऊ, एवढाच प्रश्न. पण त्यापायी मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले! अक्षराचे पहिले कर्तव्य शोभणे नव्हे, चुकीचे वाचले न जाणे हे होय.

हाच नियम छापखान्यातील मथळ्याच्या ठळक, नक्षीदार अक्षराला लागू पडतो. खिळा तयार होतो तो असा: आधी पोलादावर अक्षर उलटे कोरायचे, तो ठसा तांब्यावर ठोकून साचा करायचा आणि साच्यात शिशाचा मिश्र रस ओतायचा. पोलाद कोरताना हात चुकला, तर ती चूक प्रत्येक खिळ्यात उतरते. जावजी दादाजी यांनी मुंबईच्या अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्यापासून सुरुवात केली आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या सुबक अक्षरांमागे राणोजी रावजी आरू या ठसे कोरणाऱ्या कारागिराचा हात होता. पुस्तकावर नाव मात्र छापखान्याचे राहिले!

आता अडचण पाहा. रोमन अक्षराच्या टोकांना लहान पाय असतात. ते जाड केले तरी अक्षर ओळखू येते. आपल्या देवनागरीला वर शिरोरेषा, बाजूला काना, आणि पोटात गाठी. अक्षर जाड करावे तर शाई पोटातली पोकळी भरून टाकते. मग 'ष' चा 'प' होतो. 'घ' आणि 'ध' यांच्यातला भेद तर डोक्यावरच्या एका फटीवर! म्हणून जाड अक्षर घडविणाऱ्याने काळ्यापेक्षा पांढऱ्याची काळजी अधिक घ्यावी लागते.

कमल शेडगे (१९३५–२०२०) यांनी नाटकांच्या जाहिरातींतील नावांना जे रूप दिले, त्यात ही जाण दिसते. नाव नाटकाचा स्वभाव सांगे आणि तरी झटकन वाचता येई. मुंबईच्या एक टाइप संस्थेने संगणकासाठी केलेल्या 'मोदक' अक्षरांत तर जाडी शेवटास नेली आहे: पोकळीची केवळ रेघ उरते, पण ती पुसली जात नाही.

उल्हासनगर-बदलापूरच्या बाजारात पाट्या रंगविणारे आणि आज संगणकावर फलक जुळविणारे तरुण यांना एवढेच सांगणे: नक्षी हवी तेवढी काढा, पण आतली पोकळी राखा. नऊशे वर्षांनंतर कोणी तो फलक वाचायला आला, तर त्याला सात की नऊ असा प्रश्न पडू नये.