भिल्ल समाजातील स्त्री : मान आहे, जमीन नाही

आदिवासी समाजात हुंडा नाही, मुलीचा जन्म ओझे मानला जात नाही, विधवेला पुनर्विवाहाची मोकळीक आहे. सबब तेथील स्त्री शहरातील स्त्रीपेक्षा स्वतंत्र आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. भिल्ल समाजाबाबत हा समज अर्धाच खरा आहे. भिल्ल स्त्रीला संसारात आणि सणावारात जे स्थान आहे, ते पंचांच्या बैठकीत आणि सातबाऱ्यावर नाही.

लोकसंख्या आणि पोटजमाती

२०११ च्या जनगणनेनुसार भिल्ल ही देशातील सर्वांत मोठी अनुसूचित जमात असून तिची लोकसंख्या सुमारे १ कोटी ७० लाख आहे. महाराष्ट्रात ती २५ लाखांहून अधिक आहे आणि राज्यातील जमातींतही तिचा क्रमांक पहिला लागतो. धाराशिव, सोलापूरकडे आदिवासी म्हटले की प्रामुख्याने पारधी समाज डोळ्यांसमोर येतो. भिल्लांची वस्ती मात्र खानदेशात, नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांत आणि मराठवाड्यात अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत आढळते. १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झालेला नंदुरबार हा या समाजाचा मुख्य जिल्हा. तेथील दोन तृतीयांशाहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे.

पावरा, वसावे, भिलाला, तडवी, डुंगरी, मेवासी अशा अनेक शाखा अनुसूचित जमातींच्या यादीत भिल्लांसमवेत नोंदल्या आहेत. यांपैकी जळगाव जिल्ह्यातील तडवी भिल्ल इस्लाम धर्म पाळतात. प्रत्येक शाखेची बोली, पेहराव आणि चालीरीती थोड्याफार निराळ्या असल्याने एकीचा नियम सर्वांना लागू करणे चुकीचे ठरते. पुढील विवेचन मुख्यतः सातपुड्यातील समाजाविषयी आहे.

देज : सन्मान की किंमत?

सातपुड्यातील गाव एका जागी दाटलेले नसते. पाडे विखुरलेले असतात आणि पुष्कळदा घर स्वतःच्या शेतातच असते. पेरणी, निंदणी, मोहफुले व सरपण गोळा करणे, पाणी भरणे, बाजार करणे ही कामे बहुतांशी स्त्रियाच करतात. तिच्या या श्रमाचे मोल समाजाने ओळखले आहे, आणि त्याचीच खूण म्हणजे देज. लग्नात वरपक्ष वधूच्या पित्याला ठरलेली रक्कम देतो. ज्या घरातून कामाचे दोन हात जातात, त्या घराला ही भरपाई, असा त्यामागील विचार. मुलामुलीने परस्पर पळून जाऊन केलेले लग्नही पंचांसमोर देज ठरवून मान्य केले जाते. स्त्रीला नवरा सोडता येतो, दुसरे लग्न करता येते. २०११ मध्ये राज्यात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया असताना नंदुरबारमध्ये हे प्रमाण बरेच वरचे होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

परंतु याच देजाची दुसरी बाजूही आहे. नवरा सोडायचा तर देज परत करावी लागते, आणि ती परत करण्याची ऐपत माहेरच्यांना नसेल तर स्त्रीचे स्वातंत्र्य तेथेच अडते. ‘पैसे मोजून आणली’ ही भाषा मारहाणीचे समर्थन म्हणून वापरली जाते. शिवाय देज ठरवणारी, मोडलेल्या संसाराचा निवाडा करणारी पंचांची बैठक परंपरेने पुरुषांचीच असते.

धर्मजीवनातही हाच विरोधाभास दिसतो. सातपुड्यातील आदिवासींचे आराध्य दैवत देवमोगरा माता म्हणजे याहामोगी ही स्त्रीदेवता आहे. महाशिवरात्रीस गुजरातेतील सागबारा तालुक्यातील तिच्या यात्रेला महाराष्ट्रातून हजारो कुटुंबे जातात. मात्र त्याच भागात एखाद्या स्त्रीला ‘डाकीण’ ठरवून छळण्याचे प्रकारही घडत आले आहेत. विधवा वा एकाकी स्त्री याची सहज बळी ठरते, आणि अनेकदा भगताच्या शब्दाआड तिच्या वाट्याच्या जमिनीचा तंटा दडलेला असतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये झालेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा आरोप करून छळणे हा गुन्हा ठरविला आहे.

शहाद्यातील स्त्रियांचा लढा

भिल्ल स्त्री ही केवळ रूढी सोसणारी नाही. दारूबंदी आणि आचारशुद्धीचा विचार या भागात तळोदा तालुक्यातील मोरवडचे गुलाम महाराज यांनी १९३७-३८ च्या सुमारास ‘आप’ पंथाद्वारे रुजविला. पुढे शहादा परिसरात सावकारी आणि सालदारकी यांविरुद्ध अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली आदिवासी संघटित झाले व १९७२ मध्ये श्रमिक संघटना उभी राहिली. जमीन आणि मजुरीच्या या आंदोलनात स्त्रिया आघाडीवर होत्या. मात्र मोर्चातून परतल्यावर घरी दारूड्या नवऱ्याचा मार खावा लागतो, हे त्यांनी शिबिरांत उघडपणे मांडले. त्यानंतर गावोगावी जाऊन त्यांनी दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारणाऱ्यांना जाब विचारला. १९७५ चे आंतरराष्ट्रीय महिला वर्ष उजाडण्यापूर्वीच घरातील हिंसा हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे महाराष्ट्राला शहाद्याच्या निरक्षर शेतमजूर स्त्रियांनी सांगितले. याच चळवळीतून आलेले कवी वाहरू सोनवणे यांच्या कवितेने हा अनुभव मराठी साहित्यात आणला.

खरा प्रश्न वारशाचा

आज या स्त्रियांपुढील सर्वांत अवघड प्रश्न जमिनीच्या मालकीचा आहे. हिंदू वारसा कायदा, १९५६ हा केंद्राने खास अधिसूचना काढल्याखेरीज अनुसूचित जमातींना लागू होत नाही. त्यामुळे २००५ च्या दुरुस्तीने मुलींना मिळालेला वडिलोपार्जित मालमत्तेतील समान वाटा आदिवासी मुलींना आपोआप मिळत नाही. त्यांचा वारसा रूढीने ठरतो, आणि रूढी सामान्यतः मुलाच्या बाजूची असते. नर्मदा जलविवाद लवादाने १९७९ च्या निवाड्यात विस्थापितांच्या सज्ञान मुलाला स्वतंत्र कुटुंब मानले, सज्ञान मुलीला मात्र तसे मानले नाही. सरदार सरोवराच्या बुडितात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे येत असल्याने या भेदाची झळ सातपुड्यापर्यंत पोहोचली.

न्यायालयांचा कल मात्र बदलतो आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदिवासी स्त्रियांना वारसाहक्क मिळावा यासाठी कायदादुरुस्तीचा विचार करण्यास केंद्राला सांगितले. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडमधील एका गोंड कुटुंबाच्या खटल्यात, स्त्रीला वगळणारी रूढी सिद्ध होत नसेल तर तिला समान वाटा नाकारता येणार नाही, असा निर्णय दिला. अर्थात रूढी सिद्ध झाली तर काय, हा प्रश्न संसदेसाठी उरतोच.

याउलट एक वाट कायद्याने आधीच मोकळी केली आहे. वनहक्क कायदा, २००६ अन्वये विवाहितांच्या बाबतीत वनजमिनीचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे द्यावा लागतो. बापाच्या शेतात वाटा नसलेल्या भिल्ल स्त्रीचे नाव जमिनीच्या कागदावर प्रथमच चढते ते येथे. ग्रामसभेत स्त्रियांची उपस्थिती आणि स्थानिक स्वराज्य संस्थांतील पन्नास टक्के आरक्षण यांचा अर्थही तिला तेव्हाच उमगेल, जेव्हा तो कागद तिला वाचता येईल. २०११ मध्ये नंदुरबारची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे राज्यात सर्वांत कमी होती. देवमोगरा मातेपुढे नतमस्तक होणाऱ्या समाजाने, आणि या समाजाचे गोडवे गाणाऱ्या आपणही, या दोन बाबींकडे आधी पाहिले पाहिजे.