युद्धरत राज्यांच्या काळातील चिनी समाज

युद्धरत राज्यांचा काळ (सुमारे इ.स.पू. ४७५ ते इ.स.पू. २२१) हा प्राचीन चीनमधील चौ राजवंशाच्या अखेरचा कालखंड होय. छिन, छू, छी, येन, हान, चाओ आणि वेइ ही सात प्रमुख राज्ये या काळात परस्परांशी सतत लढत होती. चौ राजाची सत्ता नाममात्र उरली होती; इ.स.पू. २५६ मध्ये छिन राज्याने तीही संपुष्टात आणली. अडीच शतकांच्या या संघर्षात अनेक राजघराणी बुडाली. परंतु युद्धाचा सर्वांत खोल परिणाम सामान्य शेतकरी कुटुंबावर झाला.

रथाकडून पायदळाकडे

त्यापूर्वीच्या काळात युद्ध हा मुख्यतः रथारूढ सरदारांचा व्यवहार होता आणि त्याला काही संकेतही होते. इ.स.पू. ६३८ मध्ये सुंग राज्याचा अधिपती श्यांग याने, शत्रू नदी ओलांडत असताना त्याच्यावर हल्ला करणे अप्रशस्त मानले आणि तो पराभूत झाला. पुढे असे संकेत मागे पडले. कळ दाबून बाण सोडण्याचे धनुष्य प्रचारात आले. ते चालविण्यास वर्षानुवर्षांचा सराव लागत नसे. त्यामुळे नांगर धरणारा माणूस अल्पावधीत सैनिक होऊ शकला व पायदळाची संख्या निर्णायक ठरू लागली. चाओचा राजा वुलिंग याने इ.स.पू. ३०७ मध्ये उत्तरेकडील भटक्या टोळ्यांचा पोशाख व घोडदळाची पद्धत स्वीकारली, तेव्हा दरबाऱ्यांचा आक्षेप युद्धतंत्रापेक्षा पोशाखालाच अधिक होता.

शांग यांगच्या सुधारणा

मोठ्या सैन्यासाठी माणसे मोजणे आवश्यक होते. छिनचा मंत्री शांग यांग याने इ.स.पू. ३५६ पासून ही व्यवस्था कठोरपणे राबविली. कुटुंबांची नोंद होऊन त्यांचे पाच-पाच व दहा-दहांचे गट पाडण्यात आले. एकाच्या अपराधाबद्दल गटातील इतरही जबाबदार धरले जात. एका घरात दोन किंवा अधिक प्रौढ पुरुष एकत्र राहिल्यास कर दुप्पट होई. परिणामी कुटुंबे लहान झाली आणि प्रत्येक घर राज्याच्या थेट आवाक्यात आले.

त्याच वेळी युद्धातील पराक्रमावर हुद्दे मिळू लागले. शत्रूचे शीर आणणाऱ्यास हुद्दा व त्यासोबत जमीन मिळे. राजकुलातील व्यक्तीलाही पराक्रमावाचून राजकुलाच्या नोंदवहीत स्थान राहत नसे. जन्मापेक्षा कर्तृत्वाला दिलेले हे महत्त्व क्रांतिकारक होते, मात्र त्याचे माप मुंडक्यांत होते. हूपे प्रांतातील श्वेइहूती येथे १९७५ मध्ये सापडलेल्या बांबूपट्ट्यांवरील छिनच्या कायदेविषयक मजकुरात, एकाच शिरावर दोन सैनिकांनी हक्क सांगितल्याचे प्रकरण आढळते. मिळविलेले हुद्दे परत करून दास्यात पडलेल्या आईची किंवा वडिलांची सुटका करून घेण्याची तरतूदही त्यात आहे.

चांगफिंगची लढाई

छिन व चाओ यांच्यातील चांगफिंगच्या लढाईत (इ.स.पू. २६२ ते २६०) ही व्यवस्था पूर्ण ताणली गेली. इतिहासकार सिमा छ्येन याच्या वृत्तांतानुसार छिनचा राजा स्वतः हनेइ प्रदेशात गेला, तेथील लोकांना प्रत्येकी एक हुद्दा दिला आणि पंधरा वर्षांवरील सर्व पुरुषांना आघाडीवर पाठविले. चाओच्या शरण आलेल्या सैन्याची कत्तल झाली. केवळ २४० अल्पवयीन सैनिकांना परत जाऊ दिले. मृतांचा चार लक्षांहून अधिक हा आकडा अनेक आधुनिक अभ्यासकांना अतिशयोक्त वाटतो.

सैनिकांची पत्रे

श्वेइहूती येथीलच दुसऱ्या एका थडग्यात लाकडी फळ्यांवर लिहिलेली दोन पत्रे मिळाली. ती चीनमध्ये सापडलेल्या सर्वांत जुन्या खासगी पत्रांपैकी आहेत. छिनच्या सैन्यातील हेइफू व चिंग या भावांनी छू राज्याविरुद्धच्या मोहिमेतून ती घरी चुंग या भावाला पाठविली. त्यांचा आनलू हा मुलूख दोन पिढ्यांपूर्वी, इ.स.पू. २७८ पर्यंत, छूचाच भाग होता. पत्रांत पराक्रमाचे वर्णन नाही. आईची खुशाली विचारून ते पैसे व उन्हाळी कपडे मागतात. आनलूत कापड स्वस्त असेल तर कपडे शिवून पाठवावेत, महाग असेल तर पैसेच पाठवावेत, म्हणजे येथे कापड घेता येईल, असे हेइफू कळवितो. ज्या थडग्यात ही पत्रे मिळाली ते चुंगचे असावे, असे मानले जाते. पत्र लिहिणाऱ्या दोघांची थडगी सापडलेली नाहीत.