आजोबांचे पणजोबा ‘रेल्वेत गेले’ : बोरघाटातील एका मृत्यूचा शोध

१/ आमचे आजोबा आपल्या पणजोबांविषयी दोनच वाक्ये सांगत : “ते घाटात रेल्वेत गेले. घाट चढून आलेली गाडी काही त्यांनी पाहिली नाही.” नाव नाही, साल नाही, जागा नाही. एवढ्या आधारावर एका माणसाच्या मृत्यूपर्यंत कितपत पोहोचता येते, याविषयी हा थ्रेड.

२/ मराठीतले ‘गेले’ हे क्रियापद फसवे आहे. कामाला गेले की जिवानिशी गेले? मी लहानपणापासून दुसरा अर्थ धरला आणि डोळ्यांसमोर उलटलेली गाडी उभी केली. एम. ए.ला आल्यावर जुन्या रेल्वे-अपघातांच्या नोंदी चाळू लागलो, तेव्हा चूक उमगली. घाटातली गाडी ज्याने पाहिलीच नाही, तो त्या गाडीच्या अपघातात कसा मरेल?

३/ आमचे गाव मावळातले, म्हणजे ‘घाट’ हा बोरघाट. इथे कालक्रम कामी येतो. १८५६ मध्ये लोहमार्ग मुंबईहून खोपोलीपर्यंत आला होता. १८५८ मध्ये वर खंडाळा ते पुणे गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र प्रवासी पालखीने, तट्टावरून किंवा गाडीबैलाने ओलांडत. तो १८६३ मध्ये जोडला गेला. आजोबांचे दुसरे वाक्य खरे मानले, तर मृत्यू १८५६ ते १८६३ या काळातला. अपघात झालाच असेल, तर तो रेल्वे बांधतानाचा.

४/ हे बांधकाम काय होते? जेम्स बर्कले हे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचे मुख्य अभियंता. सुमारे १५ मैलांत १,८०० फुटांहून अधिक चढण. सर्वांत तीव्र जागी ३७ फुटांमागे १ फूट चढ. २५ बोगदे आणि ८ मोठे कमानींचे पूल. डायनामाइट अजून अस्तित्वात यायचे होते. काळा कातळ पहारीने भोकायचा, सुरुंगात दारू ठासायची, बत्ती द्यायची. काही कड्यांवर उभे राहायलाही जागा नव्हती, तिथे माणसे दोरांनी खाली सोडली जात.

५/ १८६१ च्या सुमारास या कामावर ४२ हजारांहून अधिक माणसे होती. पावसाळ्यात बरेचसे काम थांबे. कोरड्या आठ महिन्यांत पुन्हा तळ पडत. या बांधकामात मेलेल्यांचा आकडा सुमारे २५ हजार असा वारंवार दिला जातो. तो अंदाज आहे, नावांची यादी नव्हे. हा फरक लक्षात ठेवावा. माझा सगळा शोध याच फरकाशी येऊन अडतो.

६/ तुलनेसाठी स्कॉटलंडकडे पाहू, कारण अपघातात गेलेला पूर्वज कसा शोधतात याचा धडा तिथे मिळतो. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री टे नदीवरचा पूल कोसळला आणि गाडी प्रवाशांसह बुडाली. तिकिटांच्या हिशोबावरून मृतांचा आकडा सुमारे ७५ धरला गेला. पुढे वंशावळीच्या अभ्यासकांनी मृत्युदाखले तपासले, तेव्हा निश्चित नावे ५९ भरली.

७/ हे शक्य झाले, कारण स्कॉटलंडमध्ये १८५५ पासून प्रत्येक मृत्यूची नोंद सक्तीची होती. तिथे अंदाज मोठा निघाला आणि कागदाने तो उतरवला. आपल्याकडे अंदाज उतरवायला किंवा चढवायला कागदच नाही. ब्रिटिश हिंदुस्थानात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १८८६ चा, तोही ऐच्छिक. नोंदणी देशभर सक्तीची झाली ती १९६९ च्या कायद्याने.

८/ मग कंपनीच्या दप्तरात नाव सापडेल का? कामाची उतरंड पाहा : कंपनी, तिचा कंत्राटदार, त्याखाली पोटकंत्राटदार, मग मुकादम आणि शेवटी टोळी. मजुराला कामावर घेणारा मुकादम, त्याच्या हातावर पैसे ठेवणाराही मुकादम. कंपनीच्या लेखी माणूस म्हणजे एक संख्या. मुंबई पुराभिलेखागारात सार्वजनिक बांधकाम खात्याचे रेल्वेविषयक खंड आहेत. त्यांत कातळाचे माप सापडते, खर्च सापडतो, मजुरांची संख्या सापडते. नावे कंत्राटदारांची आणि अभियंत्यांची.

९/ सॉलोमन ट्रेडवेल या कंत्राटदाराचेच पाहा. १८५९ मध्ये तो हिंदुस्थानात आला आणि काही दिवसांतच वारला. त्याचे कंत्राट पत्नी ॲलिस हिने दोन अभियंत्यांच्या साहाय्याने पुढे चालवले. त्याचा मृत्यू इतिहासाला ठाऊक आहे, कारण त्यामुळे कंत्राट अडले. मजुराच्या मृत्यूने काही अडत नसे. दुसऱ्या दिवशी दुसरा उभा राही.

१०/ मजूर कागदावर ठळकपणे येतो, तो तंट्यात. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून बोरघाटात दंगा झाला, चौकशी झाली. १८६० मध्ये मालक-मजूर वादांसाठी कायदाही आला. मजुरी मागणारा जिवंत माणूस सरकारला दिसला. मेलेला दिसला नाही.

११/ याहून बोचरी गोष्ट पुढे आहे. अपघाती मृत्यूबद्दल वारसांना भरपाई मागण्याचा हक्क देणारा कायदा हिंदुस्थानात १८५५ मध्येच झाला होता, घाटात पहिला सुरुंग उडण्याआधी. पण मुकादमाच्या तोंडी हिशोबावर राबणाऱ्याच्या विधवेने कोणाविरुद्ध, कोणत्या कागदाच्या बळावर दावा लावायचा? मजुरांच्या नुकसानभरपाईचा स्वतंत्र कायदा यायला १९२३ उजाडले.

१२/ इथे दफ्तरखाना संपला आणि शोध आजीच्या स्वयंपाकघरात शिरला. पितृपक्षात आमच्या घरी एक म्हाळ चतुर्दशीला घालतात. का, हे मी कधी विचारले नव्हते. पंचांगात भाद्रपद वद्य चतुर्दशीला ‘शस्त्रादिहतपितृश्राद्ध’ छापलेले असते. शस्त्राने, अपघाताने, अवचित गेलेल्यांचा तो दिवस. दुखण्याने गेलेल्याचा म्हाळ त्याच्या तिथीला होतो, तिथी ठाऊक नसेल तर सर्वपित्री अमावास्येला.

१३/ आजी म्हणाली, “हा घाटातल्यांचा. माझ्या सासूबाई घालायच्या, म्हणून मी घालते.” याचे महत्त्व असे की घाटात पटकीने, तापाने माणसे मोठ्या संख्येने मेली. केवळ शक्यतेच्या गणिताने मी ‘रोगाने मृत्यू’ असे लिहिले असते. घरातली तिथी मात्र सांगते, हा माणूस दुखण्याने गेला नाही. नाव विसरले गेले. मृत्यूचे कारण दरवर्षी पानावर वाढले जात राहिले.

१४/ हा पुरावा निर्णायक आहे का? नाही. आधी ‘रेल्वेत गेले’चा अर्थ अपघात असा लावला गेला असेल आणि मग म्हाळ चतुर्दशीला गेला असेल. माझ्यासारखीच चूक आधीच्या एखाद्या पिढीनेही केली असेल. म्हणून माझ्या वहीत निष्कर्ष इतकाच आहे : आजोबांचे पणजोबा, मावळातले मजूर, १८५६ ते १८६३ दरम्यान बोरघाटाच्या कामावर मृत्यू, बहुधा अपघाती. या ‘बहुधा’पुढे मी जाणार नाही.

१५/ पुण्याहून मुंबईला जाताना गाडी एकामागून एक बोगद्यांत शिरते आणि मोबाइलची रेंज जाते. पूर्वी मी वैतागत असे. आता तेवढा वेळ खिडकीबाहेरच्या अंधारात कातळ बघत बसतो.

१६/ घरात जुनी माणसे असतील, तर या पितृपक्षात एक प्रश्न जरूर विचारा : आपल्याकडे कोणाचा म्हाळ कोणत्या तिथीला असतो आणि का? उत्तर वहीत तारखेसह आणि सांगणाऱ्याच्या नावासह लिहून ठेवा. आमच्या घरी हे कुणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी केले असते, तर या थ्रेडच्या शीर्षकात त्यांचे नाव असते.