पिशवी काढल्यावर कळणारा आजार

एखादा आजार समाजात किती आढळतो, हे तो आपण कोठे आणि कोणत्या साधनाने शोधतो यावर बरेचसे अवलंबून असते. गर्भाशयाच्या एका आजाराचा दीडशे वर्षांचा इतिहास हेच सांगतो. त्याचे नाव ॲडिनोमायोसिस. ग्रीक भाषेत 'ॲडेन' म्हणजे ग्रंथी, 'मिस' म्हणजे स्नायू आणि 'ओसिस' म्हणजे अवस्था. ग्रंथी स्नायूत शिरल्याची अवस्था, असा नावाचा सरळ अर्थ.

गर्भाशयाची भिंत जाड स्नायूंची असते आणि तिला आतून ग्रंथीयुक्त मऊ अस्तर असते. दर महिन्याला पाळीच्या वेळी या अस्तराचा बराचसा भाग गळून पडतो. ॲडिनोमायोसिसमध्ये अस्तराच्या ऊती स्नायूंच्या भिंतीत शिरतात आणि आजूबाजूचे स्नायू फुगतात. त्यामुळे पाळीत फार रक्त जाते, पोटात तीव्र दुखते, गर्भाशय मोठे होते. काही जणींना मात्र कसलाच त्रास होत नाही.

पावसाळ्यात पानशेतच्या बाजूला गेलेल्यांनी भाताची खाचरे पाहिली असतील. खाचराच्या बांधात एखादा गोटा असला तर तो उपटून काढता येतो, बांध शाबूत राहतो. हरळीच्या मुळ्या बांधात शिरल्या तर मुळी कोठे संपली आणि माती कोठे सुरू झाली, हे सांगता येत नाही. फायब्रॉइड नावाची गर्भाशयातील गाठ ही गोट्यासारखी असते, ॲडिनोमायोसिस हरळीसारखा. तो ओळखणे अवघड का आणि केवळ तेवढाच भाग काढून टाकणे अवघड का, हे यावरून ध्यानात यावे.

काचपट्टीवरचा आजार

स्नायूंत रुतलेल्या या ग्रंथींचे वर्णन १८६० मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल फॉन रोकिटान्स्की यांनी केले. पण त्या तेथे येतात कोठून? फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८९६ मध्ये मत मांडले की, भ्रूणावस्थेतील तात्पुरत्या मूत्रपिंडाचे ते अवशेष असावेत. अमेरिकेतील बाल्टिमोरचे थॉमस कलन यांनी काढलेल्या गर्भाशयांचे काप घेऊन ग्रंथींचा मागोवा घेतला. त्यांतील बहुतेक ग्रंथी आतल्या अस्तरापर्यंत सलग जोडलेल्या दिसल्या. १९०८ च्या ग्रंथात त्यांनी हे सविस्तर मांडले. आज रूढ असलेले नाव १९२५ मध्ये व्हिएन्नाच्याच ऑस्कर फ्रँकल यांनी दिले.

या सगळ्या अभ्यासाचे साधन होते सूक्ष्मदर्शक, आणि साहित्य होते शस्त्रक्रियेने काढलेले गर्भाशय. म्हणजे निदान पक्के व्हायचे ते अवयव गेल्यानंतर! वर्गीकरणही काचपट्टीवरच होई. ग्रंथी भिंतीत किती खोल गेल्या आणि किती दाट आहेत यावरून पायऱ्या ठरत. पण अस्तराची सीमा मुळातच वेडीवाकडी असते. मग किती खोल गेल्यावर आजार म्हणायचे? प्रत्येक प्रयोगशाळेचे उत्तर निराळे होते.

१९७२ मध्ये बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०० गर्भाशये तपासली. नेहमीच्या तीन कापांत ३१ टक्के गर्भाशयांत हा आजार दिसला. आणखी सहा काप घेतल्यावर आकडा ६१.५ टक्क्यांवर गेला. गर्भाशये तीच, स्त्रिया त्याच. फक्त काप वाढले. वर्गात हे पेरू घेऊन दाखवता येईल. किडका पेरू एकदाच कापला तर कीड सुटू शकते. बारीक फोडी केल्या तर सापडते.

आणखी एक गफलत होती. हा आजार चाळिशी-पन्नाशीच्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांचा, असे पुस्तकांत लिहिलेले असे. पण गर्भाशय काढले जाई ते बहुधा याच वयात. तरुण स्त्रीचे गर्भाशय काचपट्टीपर्यंत पोहोचतच नव्हते, तर तिचा आजार दिसणार कोठून?

जिवंत अवयवाचे चित्र

१९८३ मध्ये एमआरआयच्या चित्रांत अस्तर आणि स्नायू यांच्यामध्ये एक काळसर पट्टा दिसला. ॲडिनोमायोसिसमध्ये हा पट्टा जाड होतो. १९९० च्या दशकात १२ मिलिमीटर किंवा अधिक जाडी ही निदानाची एक खूण ठरली. त्याच काळात योनीमार्गे केली जाणारी सोनोग्राफीही पुढे आली. आता शस्त्रक्रियेवाचून निदान शक्य झाले, आणि तरुण स्त्रियांतही हा आजार दिसू लागला.

साधन बदलले तसे वर्गीकरणही बदलले. २०११ मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने अनियमित रक्तस्रावाच्या कारणांची यादी केली. तीत ॲडिनोमायोसिसला स्वतंत्र जागा मिळाली. २०१५ मध्ये सोनोग्राफीच्या खुणांची समान परिभाषा ठरली आणि २०२२ मध्ये ती सुधारली गेली. भिंतीत बारीक पाण्याचे फुगे दिसणे ही प्रत्यक्ष खूण. एक भिंत दुसरीपेक्षा जाड असणे, पंख्यासारख्या सावल्या पडणे या अप्रत्यक्ष खुणा. आजार एका जागी आहे की पसरलेला, भिंतीच्या कोणत्या थरात आणि किती भागात, हेही नोंदवतात. तरी सर्वांना मान्य असे एकच वर्गीकरण अद्याप झालेले नाही.

महाराष्ट्रातील दोन आकडे

याचा आपल्याशी काय संबंध? गडचिरोली जिल्ह्यात राणी आणि अभय बंग यांनी दोन गावांतील ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ती प्रसिद्ध झाली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्याआधी अशी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. ही पाहणी ॲडिनोमायोसिसची नव्हती. त्यात जंतुसंसर्ग पुष्कळ होते. पण तिचा धडा तोच आहे. दवाखान्यात येणाऱ्यांवरून गावाचा अंदाज बांधता येत नाही. गावातच जाऊन पाहावे लागते.

दुसरा आकडा बीडचा. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीपुढे जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड कामगार स्त्रियांची पाहणी आली. त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली होती. कित्येक जणी तेव्हा चाळिशीच्या आतल्या होत्या. २०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया टाळण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना ती लागू करण्यास सांगितले.

गडचिरोलीत आजार होते आणि तपासणी नव्हती. बीडमध्ये शस्त्रक्रिया झाल्या, पण नेमके निदान काय होते हा प्रश्न उरला. 'पिशवी खराब झाली' हे निदान नव्हे. फायब्रॉइड, ॲडिनोमायोसिस, जंतुसंसर्ग आणि कर्करोग यांचे उपचार वेगवेगळे आहेत. ॲडिनोमायोसिसमध्ये वेदनाशामके, संप्रेरकांच्या गोळ्या, संप्रेरक सोडणारी तांबी असे मार्ग आधी तपासता येतात. काही स्त्रियांना शेवटी शस्त्रक्रिया लागते. पण ती निदानानंतर व्हावी.

प्रजननसंस्थेचा धडा शिकवताना आपण आकृती काढतो, भागांना नावे देतो आणि पुढे जातो. त्या तासाला दोन गोष्टी सांगायला हव्यात असे आम्हाला वाटते. पाळीच्या दुखण्याने मुलीची शाळा दर महिन्याला बुडत असेल, तर 'बाईच्या जातीला हे असायचेच' असे म्हणून सोडून देऊ नये, डॉक्टरांना दाखवावे. आणि घरात कोणाला गर्भाशय काढण्याचा सल्ला मिळाला, तर आजाराचे नाव काय, ते कशावरून ठरले आणि दुसरा उपाय कोणता, हे तीन प्रश्न आधी विचारावेत.