जुने उद्यान-गुलाब

१८६७ पूर्वी बागांतून रूढ झालेल्या गुलाबांच्या वर्गांना ही संज्ञा लावतात. त्या वर्षी फ्रान्समध्ये गियो यांचा ‘ला फ्रान्स’ हा वाण प्रसृत झाला. हा पहिला संकरित चहा गुलाब मानला जात असल्याने ते वर्ष जुन्या व आधुनिक गुलाबांमधील सीमारेषा ठरले आहे. जुन्यांपैकी गॅलिका, दमास्क, आल्बा व सेंटिफोलिया हे यूरोपातील चार वर्ग विशेष काटक असून ते कडाक्याचा हिवाळा आच्छादनाशिवाय सोसतात.

इतिहास : गॅलिका गुलाब (रोझा गॅलिका) मूळचा मध्य व दक्षिण यूरोप आणि पश्चिम आशिया येथील होय. मध्ययुगात त्याच्या पाकळ्यांचा औषधांत उपयोग करीत. पॅरिसजवळचे प्रोव्हँ हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. दमास्क गुलाब दोन जातींचा संकर समजला जाई. परंतु गॅलिका व कस्तुरी गुलाबाखेरीज मध्य आशियातील रोझा फेडश्चेंकोआना ही तिसरी जातीही त्याच्या पूर्वजांत असल्याचे २००० मधील डीएनए परीक्षणाने दाखविले. शेकडो पाकळ्यांचा सेंटिफोलिया मुख्यतः डच उद्यानज्ञांनी वाढविला. सम्राज्ञी जोझेफीन हिने १७९९ मध्ये घेतलेल्या माल्मेझाँ येथील उद्यानात गुलाबांचा मोठा संग्रह केला व त्यामुळे या छंदाला प्रतिष्ठा लाभली.

हे गुलाब बहुतांशी उन्हाळ्यात एकदाच फुलतात. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून १८२४ पर्यंतच्या काळात इंग्लंडमध्ये आलेल्या चिनी गुलाबांत मात्र पुनःपुन्हा फुलण्याचा गुण होता. हा गुण अप्रभावी असल्याने संकराच्या पहिल्या पिढीत सहसा दिसत नाही. त्याच्या मुळाशी असलेले जनुक २०१२ मध्ये निश्चित करण्यात आले. पुढील पिढ्यांत तो साधला. पण त्यासोबत काटकपणा घटला. एकदा फुलणारे झुडूप बहरानंतर वाढ आटोपून फांद्या पक्व करते. सतत फुलणारे मात्र शरद ऋतूतही कोवळे फुटवे काढते व ते हिमतुषाराने मरतात. पेर्ने-द्युशे यांनी १९०० मध्ये इराणी पिवळ्या गुलाबापासून ‘सोलेय द ऑर’ निर्माण केला. त्यामुळे नवा रंग मिळाला, परंतु काळ्या ठिपक्यांच्या रोगास बळी पडण्याची प्रवृत्तीही नव्या वाणांत शिरली.

जतन : नव्या गुलाबांमुळे शेकडो जुने वाण बागांतून नाहीसे झाले. जर्मनीतील झांगरहाउझेन येथील गुलाबोद्यानात (स्थापना १९०३) व इंग्लंडमधील मॉटिसफाँट येथे ग्रॅहॅम स्ट्यूअर्ट टॉमस यांनी १९७० नंतर रचलेल्या उद्यानात पुष्कळ वाण टिकून आहेत. डेव्हिड ऑस्टिन यांच्या ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ (१९६१) या वाणाचा एक जनक ‘बेल इसिस’ हा गॅलिका होता. जुना वाण नष्ट होतो तेव्हा अशा संकराचे साधनही नष्ट होते.

लागवड : अतिथंड प्रदेशांत स्वतःच्या मुळांवर वाढलेली रोपे श्रेयस्कर ठरतात. फांद्या जमिनीपर्यंत गोठल्या, तरी मुळांतून तोच वाण पुन्हा फुटतो; कलमी रोपात मात्र खुंटच वाढू लागतो. म्हणून कलमाचा सांधा १० ते १५ सेंमी. खोल पुरतात. फुले आदल्या वर्षीच्या फांद्यांवर येत असल्याने छाटणी बहरानंतर करतात. हिवाळ्यात छाटल्यास बहर गमावतो.

भारतात गाझीपूर व कनौज येथे दमास्क गुलाब अत्तर व गुलाबजल यांसाठी लावतात. त्याचा बहर वसंतातच येतो. महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत हिवाळी विश्रांतीला पुरेशी थंडी नसल्याने असे गुलाब नीट फुलत नाहीत. तेथे चिनी अंश असलेले जुने गुलाब अधिक अनुकूल ठरतात. ‘एडवर्ड’ हा बूर्बाँ वर्गातील गुलाब त्यांपैकी एक असून तो भारतात डोळे भरण्यासाठी खुंट म्हणूनही वापरला जातो.