ओसरीवरचा फेर, कॉलेजचा स्टेज



संक्रांत जवळ आली की आपल्या बुलडाणा जिल्ह्यात सगळीकडे लाउडस्पीकर वाजू लागतात. १२ जानेवारीला सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थळी गर्दी लोटते. त्याच सुमाराला तालुक्यातालुक्यांत कॉलेजांची स्नेहसंमेलनं सुरू होतात. आपण त्याला सरळ गॅदरिंग म्हणतो. मेंदी, रांगोळी, पाककलेची प्रात्यक्षिकं, नाटक, नाच, गाणी, असा तीन-चार दिवसांचा कार्यक्रम असतो.

मागच्या वर्षी जवळच्या एका कॉलेजानं आनंद मेळाव्यात बचत गटांना स्टॉल दिले होते. आम्ही पापड, कुरड्या, तिळाचे लाडू घेऊन गेलो. दुपारी स्टेजवर मुलींचा भुलाबाईचा नाच लागला. नऊवारी नेसलेल्या दहा मुली, मागे टेबलावर भुलाबाईची मूर्ती, आणि टाळ्या तर थांबतच नव्हत्या. आमच्या गटातल्या एक आजी स्टॉल सोडून पुढे गेल्या, शेवटपर्यंत उभ्या राहिल्या आणि परत येऊन म्हणाल्या, "पोरी गोड नाचल्या माय. पण चाल चुकली. आणि भुलाबाईकडं पाठ करून कोणी नाचते का?"

आम्ही हसलो. पण घरी येताना गाडीत त्याच प्रश्नावर बोलत राहिलो. मुलींनी भुलाबाईकडे पाठ का केली? कारण समोर प्रेक्षक होते. आपल्या अंगणात फेर धरायचा तर सगळ्यांची तोंडं आत, मूर्तीकडे असतात. स्टेजवर सगळ्यांची तोंडं बाहेर. आतलं तोंड बाहेर कसं वळलं, कधी वळलं, आणि त्यात बायांनी काय मिळवलं, काय गमावलं, हे आजच्या भागात आपण बघू.

सुरुवात लांबून करावी लागेल, कारण कॉलेज ही गोष्टच आपल्यापासून लांब होती. आपलं वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं आणि १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडलं गेलं. नागपुरात हिस्लॉप आणि मॉरिस ही कॉलेजं १८८०च्या दशकात निघाली. अमरावतीला सरकारी कॉलेज आलं ते १९२३ मध्ये. म्हणजे त्याआधी बुलडाण्याच्या मुलाला पुढे शिकायचं तर नागपूर नाही तर पुणे-मुंबई गाठावी लागे. मुलाचीच ही गत, मग मुलीचं तर विचारायलाच नको.

त्या काळी पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत विद्यार्थी संमेलनात संस्कृत आणि इंग्रजी नाटकं करायचे. नाटकात सीता असायची, शकुंतला असायची, पण ती होणारा मुलगाच. मराठी रंगभूमीचीही तीच रीत होती. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं, तेव्हापासून पुढे कितीतरी वर्षं बाईचं काम पुरुषच करत. बालगंधर्वांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. त्यांनी नेसलेलं लुगडं बघून शहरातल्या बाया तसं लुगडं नेसू लागल्या! बाईनं कसं नेसावं, कसं चालावं, हे स्टेजवरचा पुरुष शिकवत होता आणि खरी बाई पडद्यामागेही नव्हती.

जी बाई पुढे आली तिला किंमत मोजावी लागली. १९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांच्या 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या दोघींनी काम केलं. आपल्या सिनेमात काम करणाऱ्या त्या पहिल्या बाया. समाजानं दुर्गाबाईंना खूप नावं ठेवली. नाटकात शिकलेल्या, घरंदाज म्हणवल्या जाणाऱ्या घरांतल्या बाया दिसायला आणखी वीस वर्षं गेली. १९३३ मध्ये मुंबईत 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक आलं, त्यात बायांची कामं बायांनीच केली. ज्योत्स्ना भोळे त्यातल्या एक.

मग त्या शंभर वर्षांत आपल्या गावच्या बाया गप्प बसल्या होत्या का? मुळीच नाही. त्यांचा कार्यक्रम वर्षभर चालू होता, फक्त त्याला कोणी कार्यक्रम म्हणत नव्हतं.

पहाटे जात्यावर दोघी समोरासमोर बसायच्या आणि ओवी सुरू व्हायची. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत महिनाभर पोरी घरोघरी भुलाबाईची गाणी म्हणत फिरायच्या. टिपऱ्या वाजायच्या आणि शेवटी झाकलेला खाऊ ओळखायचा. कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करून भुलाबाईची बोळवण. महालक्ष्म्यांपुढे जागरण, लग्नात हळदीची गाणी, बाळ झालं की पाळणा. आपल्या जिल्ह्यातल्या तांड्यांवर होळीला बंजारा बायांची लेंगी. सातपुड्याच्या पायथ्याला जळगाव जामोद, संग्रामपूरकडे कोरकूंचे नाच. या सगळ्यात प्रेक्षक नव्हता. जी आली ती फेरात शिरली. सासूचा जाच, माहेरची ओढ, भावानं न आणलेली साडी, सगळं त्या गाण्यांत बिनधास्त येत होतं, कारण ऐकणाऱ्या सगळ्या आपल्याच होत्या.

ही आपली शाळा होती असं म्हटलं तरी चालेल. फी नव्हती, सर्टिफिकेट नव्हतं, आणि नापास कोणी नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदललं. नव्या देशाच्या तरुणांनी एकमेकांची कला बघावी, म्हणून १९५४ मध्ये दिल्लीत विद्यापीठांचा पहिला युवक महोत्सव भरला. लोकनृत्यांना त्यात मान मिळाला. आजवर जे अंगणातलं आणि अडाण्यांचं समजलं जायचं, ते देशाच्या राजधानीत उभं राहिलं. इकडे १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य झालं. पुढच्या काळात आपल्या तालुक्याच्या गावांत कॉलेजं आली. शेतकऱ्याच्या पोरांना शिकवायला डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीला सुरू केलेली शिवाजी शिक्षण संस्था विदर्भभर पसरली. १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून अमरावती विद्यापीठ वेगळं झालं आणि बुलडाण्याची कॉलेजं त्यात आली. मध्यंतरी बंद पडलेले देशपातळीवरचे महोत्सव १९८०च्या दशकात पुन्हा सुरू झाले. २००३ पासून राज्यातल्या विद्यापीठांसाठी 'इंद्रधनुष्य' हा महोत्सव भरू लागला.

ही साखळी कशी चालते, हे आपल्याला माहीत असायला हवं, कारण आपल्या मुली त्यात जातात. कॉलेजातून निवड होऊन मुलगी विद्यापीठाच्या युवक महोत्सवात जाते. तिथून राज्याच्या महोत्सवात किंवा अनेक राज्यांच्या विभागात, आणि विभागातून मग देशपातळीवर. पाच गट असतात: संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय आणि ललित कला. प्रत्येकाला वेळेचं बंधन. एकांकिकेला ३० मिनिटं, प्रहसनाला १०, मूकनाट्याला ५. लोकनृत्यात १० जणी आणि वेळ १० मिनिटं. रांगोळीला अडीच तास आणि एका संघाची एकच स्पर्धक.

आता आपली भुलाबाई या मापात घालून बघा. महिनाभराचं गाणं दहा मिनिटांत बसवायचं. गावातल्या सगळ्या पोरींऐवजी दहाच निवडायच्या. आश्विनातली भुलाबाई पौष-माघात आणायची. हळू चाल परीक्षकांना कंटाळवाणी वाटेल म्हणून ढोलकी वाढवायची. आजींना चुकलेली वाटली ती चाल अशी चुकली. त्यात मुलींचा दोष नाही. त्यांना ती चाल कोणी शिकवलीच नव्हती, त्यांनी मोबाइलवर बघून बसवली होती.

आणि घरात तरी ती कुठे उरली होती? गावात पिठाची गिरणी आली आणि जातं थांबलं. हातांचे कष्ट वाचले, त्याचं दुःख आपल्यातल्या कोणालाच नाही! पण जात्याबरोबर ओवीची वेळही गेली. अंगणात फरशी आली आणि रांगोळीच्या जागी स्टिकर आलं. म्हणून नुसतं कॉलेजला नावं ठेवणं बरोबर नाही. आपण जे सोडलं, त्यातलं थोडं तरी त्यांनी उचललं.

शिवाय बाहेर तोंड करून उभं राहण्यातही मोठी गोष्ट आहे. आजींच्या फेरात पोरगी मोकळी होती, पण फेराबाहेर तिला आवाज नव्हता. चारशे माणसांसमोर माइक धरून जी मुलगी बोलली, ती उद्या ग्रामसभेत बोलेल, बँकेत मॅनेजरला प्रश्न विचारेल. आम्ही गटांच्या बैठका घेतो तेव्हा हे डोळ्यांनी बघतो. गॅदरिंगला नाटकात काम केलेली सून प्रोसिडिंग वाचायला लाजत नाही.

म्हणून आम्हाला दोन्ही हवं आहे. मुलगी स्टेजवर हवी आणि आजीची चालही हवी.

आता आपल्या शेजारपाजारच्या विद्यापीठांची नावं आठवा. आपलं अमरावतीचं विद्यापीठ संत गाडगेबाबांच्या नावाचं. ते शाळेत गेले नाहीत, कीर्तनातून प्रश्न विचारून त्यांनी गावं जागी केली. नागपूरचं विद्यापीठ तुकडोजी महाराजांच्या नावाचं. त्यांची शाळा जेमतेम, हातात खंजिरी. आणि आपल्या शिवेला लागून असलेल्या जळगावच्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर त्या गाणी रचत राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि आणखी एक नातलग ती लिहून घेत. १९५१ मध्ये त्या गेल्या, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं १९५२ मध्ये गाणी पुस्तकात आली.

कोणी लिहून घेतलं नसतं तर? आपल्या प्रत्येक गावात एखादी बहिणाबाई होऊन गेली असेल, पण तिथे लिहून घेणारं कोणी नव्हतं.

लिहून घेण्याचं काम काहींनी मनापासून केलं. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्य समितीकडून बायांच्या गाण्यांचे संग्रह काढले. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी सोबत्यांना घेऊन गावोगाव फिरून जात्यावरच्या १ लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात एक गोष्ट आम्हाला फार आवडते. ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचं नाव आणि गाव नोंदलेलं आहे. गॅदरिंगला मात्र माइकवर कॉलेजचं नाव पुकारतात, नाच बसवणाऱ्या सरांचं पुकारतात. गाणं जिच्या ओसरीवरून आलं तिचं नाव कोणी घेत नाही.

शेवटी एक आपल्या घरातलं सांगतो. आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी लोकनृत्यात निवडली गेली. सराव संध्याकाळी, शेवटची गाडी साडेपाचला. वरून विद्यापीठाचा महोत्सव नेमका सोयाबीनच्या सोंगणीत. घरच्यांनी नको म्हटलं आणि मुलगी बसली. वर्ष गेलं. दुर्गाबाईंच्या काळात लोक काय म्हणतील ही अडचण होती. आज ती आहेच, आणि तिच्या जोडीला गाडीचं टाइमटेबल आहे.

त्यानंतर आम्ही गटाच्या बैठकीत हा विषय लिहून घेतला. पापड-लोणच्याच्या हिशेबाइतकाच तो महत्त्वाचा धरला. दोघी ताई कॉलेजात जाऊन भेटल्या. सराव दुपारी घ्या, उशीर होणार असेल तर आमच्यातली एक जण मुलींसोबत थांबेल, असं सांगितलं. कॉलेजनं ऐकलं. यंदा आमच्या गावच्या तीन मुली सरावाला जातात.

तुमच्याही गटात हे बोला, मैत्रिणींनो. आणि कॉलेज स्टॉलसाठी बोलवेल तेव्हा पापडाबरोबर आजीलाही घेऊन जा. प्रात्यक्षिक फक्त मेंदीचं कशाला? ओवी कशी बांधतात, गोधडीचा टाका कसा घालतात, भुलाबाईचा फेर कसा धरतात, हेही प्रात्यक्षिकच आहे. घरात जी म्हातारी गाते, तिचं गाणं मोबाइलमध्ये भरून ठेवा आणि सुरुवातीला तिचं नाव, गाव तिच्याच तोंडून बोलून घ्या.

आमच्या आजी गेल्या आठवड्यात सरावाला जाऊन आल्या. मुलींना चाल शिकवली. मग मूर्तीचं काय करायचं, यावर बराच वेळ चर्चा झाली. आजी म्हणाल्या, भुलाबाई मध्ये ठेवा आणि गोल फिरा, म्हणजे अर्ध्या वेळेला तोंड लोकांकडं, अर्ध्या वेळेला तिच्याकडं. परीक्षक किती मार्क देतात ते बघू. आम्ही सगळ्याजणी पहिल्या रांगेत बसणार आहोत.

येतो आम्ही. नमस्कार.