बँकेबाहेरची रांग

आजचा भाग एका रांगेबद्दल आहे.

१० डिसेंबर १९३०, न्यू यॉर्कमधलं ब्राँक्स. 'बँक ऑफ युनायटेड स्टेट्स'च्या शाखेबाहेर लोक पैसे काढायला जमले. नाव ऐकून सरकारी वाटते, पण बँक खाजगी होती. खातेदार म्हणजे छोटे दुकानदार, कामगार, बाहेरून येऊन तिथे स्थायिक झालेली कुटुंबं. दुसऱ्याच दिवशी बँक बंद. सुमारे ४ लाख लोकांची बचत आत अडकली.

आता जरा मागे जाऊ. १९२० च्या दशकात अमेरिकेत नुसती धमाल चालली होती. रेडिओ, मोटार, फ्रीज, सगळं हप्त्यावर. आपण आज ईएमआय म्हणतो ना, तेच. शेअरसुद्धा उधारीवर मिळायचे: थोडे पैसे खिशातून घाला, बाकीचे दलाल देणार. भाव चढत असले की सगळेच हुशार! शेतकऱ्याच्या घरी मात्र ही दिवाळी नव्हती. महायुद्धानंतर शेतमालाचे भाव पडले आणि गावाकडच्या छोट्या बँका तेव्हापासूनच बुडत होत्या.

२९ ऑक्टोबर १९२९ ला बाजार कोसळला. त्या एका दिवसात सुमारे १ कोटी ६० लाख शेअरची उलाढाल झाली. सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ वर असलेला डाऊ जोन्स निर्देशांक जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला.

पण बहुतेक लोकांकडे शेअर नव्हतेच. मग ते कसे बुडाले?

बँक तुमचे पैसे तिजोरीत ठेवून देत नाही, कर्जाऊ देते. रोज थोडेच लोक पैसे काढतात, म्हणून गाडी चालते. निकालाच्या दिवशी सगळे एकदम आले की साइट झोपते, तसंच बँकेचं. सगळे खातेदार एकदम आले तर धडधाकट बँकसुद्धा झोपते. म्हणजे 'बँक बुडणार' ही अफवा स्वतःच खरी होते. मग बँका कर्ज देणं थांबवतात, कारखाने बंद पडतात, नोकऱ्या जातात. १९३० ते १९३३ मध्ये सुमारे ९,००० बँका बंद पडल्या. १९३३ मध्ये साधारण चारातला एक कामगार बेकार होता.

४ मार्च १९३३ ला फ्रँकलिन रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. दोनच दिवसांत त्यांनी काय करावं? देशातल्या सगळ्या बँका बंद! ९ मार्चला कायदा झाला, तपासणीत टिकतील त्या बँका उघडायचं ठरलं. १२ मार्चला, रविवारी रात्री, ते रेडिओवर आले आणि बँक पैशांचं काय करते, हे घरी समजावून सांगावं तसं सांगितलं. सोमवारी पुन्हा रांगा लागल्या, पण या वेळी पैसे भरायला! दडवलेल्या रोकडीपैकी निम्म्याहून जास्त दोन आठवड्यांत परत आली.

नुसत्या भाषणावर कायमचं भागत नाही. अलाबामाचे खासदार हेन्री स्टीगल ठेव विम्यासाठी अडून बसले. गंमत म्हणजे रूझवेल्ट यांचाच त्याला विरोध होता: चांगल्या बँकांनी बेफिकीर बँकांचं का भरायचं? शेवटी जूनमध्ये कायदा झाला आणि १ जानेवारी १९३४ पासून २,५०० डॉलरपर्यंतची ठेव सुरक्षित झाली. त्या वर्षी विमा असलेल्या फक्त ९ बँका बुडाल्या. पैसे मिळणारच असतील, तर रांगेत कोण उभं राहील?

मंदी लगेच संपली असं समजू नका. १९३७ मध्ये अर्थव्यवस्था पुन्हा घसरली. बेकारी खऱ्या अर्थाने हटली ती दुसऱ्या महायुद्धात. पण १९३३ सारखी बँकांची पडझड थांबली, हे नक्की.

आपल्याकडे हा धडा यायला १९६० उजाडलं. केरळची पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १ जानेवारी १९६२ पासून भारतात ठेव विमा सुरू झाला. आज एका बँकेत एका खातेदाराला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, व्याज धरून. सहकारी बँकांनाही आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला मात्र ते नाही.

तर आज घरी एवढं करा: आजी-आजोबांची एफडी नक्की कुठे आहे, ते विचारा. भेटू पुढच्या भागात!